कालिंदीची खडीसाखर

कालिंदीबरोबर साडी घ्यायला कधी जाऊ नये. मी एकदा गेले, कलकत्त्याच्या गडियाहाट बाजारात. मला काय हवं ते घरून निघतानाच ठरलेलं होतं, म्हणून दोन मिनिटांत हिरवी धनेखाली सुती साडी उचलली. दुकानदाराने ती घडी करून पिशवीत घातली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. कालिंदी नुसतं म्हणाली, "बघू या." झालं! तिच्यापुढे चाळीस साड्या उलगडल्या. बसायला स्टूल आलं. पंख्याचं तोंड तिच्याकडे वळलं. कुल्हडातून चहा आला, एकच. "बौदी, एइटा देखुन, बौदी, ओइटा देखुन," वहिनी हे बघा, वहिनी ते बघा, करता करता तो माणूस घामाघूम झाला. शेवटी बाईंनी काहीच घेतलं नाही, तरी तो तिला दारापर्यंत पोचवायला आला. मी माझी पिशवी धरून मागून चालत होते.

मला चहा मिळाला नाही. याला बारा वर्षं झाली आणि मी अजून विसरलेले नाही, यावरून माझा स्वभाव काय तो ओळखा.

कालिंदी बेहालात आमच्याच गल्लीत राहते, तीन घरं सोडून. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचे यजमान दत्तात्रयराव बँकेत होते. लग्न करून कलकत्त्याला आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "दोन-तीन वर्षांत बदली होणार, फार पसरू नकोस." ती पसरली नाही. पडदे शिवले नाहीत. तुळस लावली ती तुपाच्या पत्र्याच्या डब्यात, उचलून नेता यावी म्हणून. बदल्या झाल्या, पण सगळ्या इथल्या इथेच. आधी डलहौसीची शाखा, मग बेहाला, मग सॉल्ट लेक. दत्तात्रयराव निवृत्त झाले, सहा वर्षांपूर्वी गेलेसुद्धा. तुळस अजून डब्यातच आहे.

बदलीच्या माणसाने भांडणात पडू नये, असं तिने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं असावं. "आम्ही काय, पुढच्या वर्षी असू, नसू," म्हणायची. आता तुम्हीच सांगा, कुठल्या शहरात येऊन ही बाई मधोमध बसली? इथे इलिश मासा श्रेष्ठ की चिंगडी कोळंबी यावरून सख्खे भाऊ ताटावरून उठतात. फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी आमच्या गल्लीत दोन्ही क्लबांचे झेंडे लागतात आणि दोन्हीकडची माणसं कालिंदीच्या ओट्यावर येऊन बसतात. कारण तिथे झेंडा नाही. माझ्या ओट्यावर कोणी बसत नाही. आमचे हे गार्डन रीचला रेल्वेत होते, त्यांनी एका क्लबाचा झेंडा एकदा लावला तो आजतागायत उतरवला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्या महिला मंडळात हात वर करून मत घेत नाहीत. हात वर केला की कोणाचा हात कुठे होता ते लक्षात राहतं, आणि मग हळदीकुंकवाला बोलावणी गळतात. म्हणून जुन्या बायकांनी एक रीत घालून दिली. पडद्यामागे तीन वाट्या ठेवायच्या. एकीत सुपाऱ्या, एकीत बदाम, एकीत खडीसाखर. चालत आलंय ते चालू द्या म्हणणारीने सुपारी उचलायची, नवं करा म्हणणारीने बदाम, आणि जिचं ठरलेलं नाही तिने खडीसाखरेचा खडा. उचललेलं झाकणाच्या डब्यात टाकायचं. डबा ताटात उलटा करून मोजायचं. खडे जर सुपारी-बदामातल्या फरकापेक्षा जास्त निघाले, तर विषय पंधरा दिवस पुढे, पुन्हा बोला, पुन्हा टाका. सुपाऱ्या-बदाम बरणीत परत जातात आणि खडीसाखर तिथल्या तिथे वाटून खातात.

कालिंदी गेली पस्तीस वर्षं खडीसाखर टाकते. गुपित आहे म्हणतात, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आणि म्हणून मतदानाच्या आधी तिच्याकडे रांग लागते. कोणी अळूवडी घेऊन येतं, कोणी नुसतंच "कसं आहे गुडघ्याचं?" म्हणत येतं. गुडघे मलाही आहेत. पण माझी सुपारी आहे हे सगळ्यांना माहीत, मग माझ्याकडे अळूवडी कशाला फुकट घालवायची!

यंदा विषय माझाच निघाला. मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक अडतीस वर्षं माझ्या हाताखाली होतात. इथे आंबेमोहोर मिळत नाही, म्हणून गोबिंदभोग तांदळाची पिठी मी शोधून काढली. उकडीला चिमूटभर जास्त पाणी लागतं, हे मी शोधून काढलं. या वर्षी सॉल्ट लेकच्या रसिकाने सुचवलं की मोदक मिठाईवाल्याकडून आणू, संदेशाचे. इथले मिठाईवाले मोदकाच्या साच्यात पनीरासारखा गोड छेना दाबून देतात, दिसतात गोजिरवाणे. रसिका सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, गोड मुलगी, पण तिने तो शब्द उच्चारला आणि माझ्या पायाखालचा पाट काढून घेतल्यासारखं झालं. मोदक गेले तर मंडळात मी कोण? गुडघेदुखीची एक म्हातारी.

पहिल्या मतदानात अकरा सुपाऱ्या, आठ बदाम आणि चार खडे निघाले. फरक तीनचा, खडे चार. विषय पुढे ढकलला. त्या चारांतला एक कालिंदीचा, आणि उरलेले तीन कालिंदीकडे बघून टाकलेले. मी घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

त्याच आठवड्यात माझी नात नूपुर, माझ्या मुलाची, जयंताची मुलगी, लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. ती संख्याशास्त्र शिकते. मी सहावी शिकले, मला त्यातलं एवढंच कळतं की त्यात डोळे खराब होतात.

"आज्जी, तुमच्या मंडळावर मी प्रोजेक्ट करते आहे."

माझी छाती फुगली. "विचार, काय विचारायचं ते विचार. मोदकांचं ना?"

"मोदकांचं नाही गं, मतांचं. हे बघ." पडद्यावर तांबडे, निळे आणि पांढरे ठिपके मुंग्यांसारखे फिरत होते. "तांबडे म्हणजे सुपारीवाल्या, निळे बदामवाल्या. दोघी भेटल्या, बोलल्या, की तांबडी लगेच निळी होत नाही. आधी पांढरी होते, डळमळते. मग पुढे जी भेटेल तिचा रंग घेते. आता मी पांढरे काढून टाकते, बघ काय होतं."

पांढरे गेले. तांबडे एका कोपऱ्यात, निळे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये हे एवढं मैदान. कोणी हलेना.

"हे असंच राहणार. दिवसभर चालवलं तरी," नूपुर म्हणाली. "पांढरे परत घातले की निकाल लागतो. म्हणजे खरं तर पांढरेच ठरवतात."

"आणि मी कुठे आहे यात?"

तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो कोपऱ्यात, गडद तांबडा. "ही तू. कधीच न बदलणारी."

"मग माझं काय गणित केलंस?"

"तुझं काही करावं लागत नाही गं. तू आधीच माहीत असतेस." आणि लॅपटॉप मिटत म्हणाली, "आज्जी, कालिंदीआजी आत्ता घरी असतील का? मला त्यांची मुलाखत घ्यायची आहे. पस्तीस वर्षं पांढरं राहिलेलं माणूस मिळत नाही कुठे."

माझी नात! तिच्या बाळगुट्या मी उगाळल्या, आणि ती मुलाखत घ्यायला निघाली कालिंदीची! जाताना माझ्याच डब्यातल्या चकल्या घेऊन गेली, तिच्यासाठी. दोन तास आली नाही. मी खिडकीतून बघत होते. कालिंदी ओट्यावर बसून बोलत होती, नूपुर मोबाइल पुढे धरून ऐकत होती. मधेच दोघी हसल्या. मला शहाणपणाने सांगता येत नाही हो, पण पोटात कोणीतरी ओली मिरची वाटत होतं.

तेव्हाच मी ठरवलं. आपणही पांढरं व्हायचं. एकदा तरी बघू, काय मिळतं त्यात.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीशी आमच्या सुपारीवाल्यांपैकी दोघी भेटल्या. "कमलताई, मोदकांचं आपण पक्कं ना?" एकीने विचारलं.

मी वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हटलं, "बघू या."

वांगेवालासुद्धा वर बघायला लागला.

मग काय सांगू! संध्याकाळपासून फोन. तिसऱ्या दिवशी दारात घंटी, चौथ्या दिवशी अळूवडी! मंडळाची चिटणीस रुचा, जी मला एरवी रस्त्यात पाहून फुटपाथ बदलते, ती पाऊण तास बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला नक्की काय वाटतं?" हा प्रश्न मला छप्पन्न वर्षांच्या संसारात कोणी विचारला नव्हता. मला काय वाटतं ते मी विचारायच्या आत सांगून टाकते ना. मी पदर सावरून म्हणायची, "दोन्ही बाजूंना काही ना काही आहेच." हे वाक्य कालिंदीचं, उसनं घेतलेलं.

एकच गोष्ट मी धरली नव्हती. पांढरं व्हायचं म्हणजे समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, दुसरं काही करता येत नाही. रविवारी रसिका आली, सॉल्ट लेकहून मेट्रो आणि ऑटो बदलत. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि कालिंदी करते तशी मान किंचित तिरकी केली.

"काकू, खरं सांगू?" ती म्हणाली. "मला संदेशाचं काही प्रेम नाहीये."

"मग गं?"

"मी तीन वर्षं सुट्टी काढून पहाटे येते. पाटावर बसून मोदक वळते. आणि तुम्ही दर वेळी माझा मोदक उचलता, काही न बोलता मोडता, आणि पुन्हा वळून ठेवता. माझ्या घरी फोटो आहेत. तीन वर्षांत माझा एकही मोदक बाप्पापर्यंत पोचलेला नाही. मग मी म्हटलं, विकतचे आणले तर निदान सगळ्यांचे सारखे."

माझं बोट चहात बुडलं. हातात कप आहे हे विसरलेच होते. एरवी मी तिला म्हटलं असतं, पाकळ्या नीट काढ म्हणजे मोडणार नाही. पण मी पांढरी होते ना! पांढऱ्याला ओरडता येत नाही. मी म्हटलं, "अस्सं."

मतदानाच्या आदल्या दिवशी नूपुर आली ती कपाळावर आठ्या घालून. "आज्जी, तू काय केलंस? भाजीवाल्यापाशी काय बोललीस? तुमच्या दोन बायका कालिंदीआजींना सांगत होत्या, कमलताईच डळमळल्या तर हातच्या मोदकांत आता राहिलं काय, आपण बदाम टाकू."

"मी फक्त बघू या म्हटलं."

"पक्का तांबडा पांढरा झाला तर काय होतं, हे मी कधी चालवूनच पाहिलं नव्हतं," ती पुटपुटली आणि लॅपटॉप उघडायला धावली. मला तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा माझ्याबद्दल कुतूहल दिसलं. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये तेवीसजणी. गणपती नऊ दिवसांवर. मी पडद्यामागे गेले. तीन वाट्या. मी सुपारीकडे पाहिलं, आणि खरं सांगते, तोवर माझा बेत सुपारीचाच होता. मानपान झाला, अळूवडी खाल्ली, आता आपलं मत टाकून मोकळं व्हावं. पण हात पुढे नेला आणि रसिकाचे ते मोडलेले मोदक आठवले. बदाम तर उचलवणार नव्हताच. मी खडीसाखर टाकली. सोंग करायला गेले आणि ते अंगात शिरलं.

रुचाने डबा ताटात उलटा केला. अकरा सुपाऱ्या. अकरा बदाम. आणि मधोमध एक खडा.

"आता पंधरा दिवस थांबायला वेळ नाही," रुचा म्हणाली. "नारळ तरी सांगायला हवेत किंवा संदेश तरी. ज्यांचा खडा आहे त्यांनीच उघडपणे सांगून टाकावं. कालिंदीकाकू, सांगा."

बावीस माना कालिंदीकडे वळल्या. कालिंदी चष्मा काढून पदराने पुसायला लागली. "नाही" म्हणाली नाही, "हो" म्हणाली नाही.

"सांगा ना काकू, तुमच्यावरच आहे सगळं."

"घाई नाही हं, काकू. अगं, आधी त्यांना चहा द्या कोणीतरी."

आणि चहा आला. एकच कप, कालिंदीपुढे.

बायांनो, मी चूक कबूल केली असं लोक आता सांगतात. मन मोठं म्हणतात. तसलं काही नव्हतं. त्या ताटात पडलेला तो खडा माझा होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा टाकलेला. आणि तोसुद्धा तिच्या नावावर चालला होता, वर चहा! माझ्या तोंडून ओरडाच निघाला.

"ती खडीसाखर माझी आहे!"

रुचाच्या हातातली पेन्सिल पडली.

"तुमची?" रसिका म्हणाली. "काकू, मोदकांच्या विषयात? तुमची?"

"माझी म्हणजे माझी! आणि मग तू काय टाकलंस गं, कालिंदी?"

कालिंदीने चष्मा लावला. "सुपारी."

"सुपारी? तू? पस्तीस वर्षांत कधी टाकली नाहीस ती?"

"तुम्ही डळमळलात असं ऐकलं, कमलताई," ती हळूच म्हणाली. "तुमची जागा रिकामी दिसली. ती कधी रिकामी पाहिली नव्हती मी. बरं वाटेना. म्हणून जाऊन बसले."

आता यावर काय बोलाल? माझ्या जागेवरसुद्धा तीच! आणि तिथे बसली तीही माझ्यासाठीच. रागवायची सोयसुद्धा ठेवत नाही ही बाई.

"तरी ओझं वाटलं हो," ती पुढे म्हणाली. "तुम्ही रोज कशा उचलता? मला तर एका सुपारीने रात्रभर धडधडलं. लहानपणापासून मला हेवा वाटतो तुमच्यासारख्यांचा, ज्यांना साडी दोन मिनिटांत मिळते."

साडी! म्हणजे तिच्याही लक्षात होतं.

रुचाने तो खडा ताटातून उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "काकू, मग आता तुम्हीच सांगा." बावीस माना माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले ते सगळं समोर होतं, आणि मला नुसता घाम फुटला. मी खडा तोंडात टाकला, वेळ काढायला. तो विरघळेपर्यंत सगळ्या माझ्या गालाकडे बघत होत्या. चांगला मोठा खडा होता.

"सुपारी," मी म्हटलं. "मोदक हातचेच. पण यंदा मी कोणाचा मोदक मोडणार नाही. जिचा जसा होईल तसा बाप्पापुढे जाईल. रसिकाचा पहिला."

रसिकाने नाक ओढलं फक्त.

चतुर्थीला पहाटे सगळ्या पाटावर बसलो. रसिकाच्या पहिल्या मोदकाला सात पाकळ्या, त्यातली एक तर कानासारखी बाहेर आलेली. माझी बोटं इतकी शिवशिवली की मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मोदक गेला बाप्पापुढे. बाप्पाला स्वतःलाच केवढाले कान, त्याने तक्रार केली नाही.

कालिंदीनेही एक मोदक वळायला घेतला. एकच. पाकळी इकडे घेऊ की तिकडे, नऊ की अकरा, "बघू या, बघू या" करत वीस मिनिटं. सगळ्या तिच्याभोवती जमल्या. नूपुर मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. तेवढ्या वेळात माझे एकवीस झाले, एकसारखे, ओळीने मांडलेले. त्यांच्याकडे कोण बघतंय!

मिरची पुन्हा वाटायला लागली होती, तेवढ्यात रसिका चहाचा ट्रे घेऊन आली आणि कालिंदीला ओलांडून थेट माझ्यापुढे वाकली.

"काकू, साखर किती घालू?"

दोन चमचे. छप्पन्न वर्षं दोन चमचे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. जिभेवर आलं होतं माझ्या. मी गिळलं, मान किंचित तिरकी केली, आणि तिला जरा वेळ तशीच उभी राहू दिली.